गोदाकाठची भावकी

निफाड तालुक्यातल्या बाजारात मासळीच्या पाटीपुढे उभं राहिलं की दोन मासे शेजारी शेजारी पडलेले दिसतात. एक रोहू, दुसरा सायप्रिनस. परदेशी कार्प माशाला आपल्याकडचे मच्छीमार त्याच्या शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दानेच हाक मारतात, आणि ते बरंच आहे. दोघे एकाच कुळातले. खवले सारखे, कल्ले सारखे, काटे तर दोघांचेही नको तितके. कोयत्याखाली गेल्यावर कोणता कोणता हे ओळखायला सरावाचा डोळा लागतो. पण दोघांची एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर फरक लपत नाही. रोहूच्या पेशीत ५० गुणसूत्रं असतात, सायप्रिनसच्या पेशीत १००.

दहा-पाच कमी-जास्त असती तर नवल नव्हतं. इथे हिशेब बरोबर दुप्पट आहे. कधीतरी कुणीतरी सगळं दप्तर एकदम नकलून घेतल्यासारखा. नेमकं तेच घडलं होतं, आणि ते एकदाच घडलेलं नाही. माशांच्या वंशात ही नक्कल पुन्हा पुन्हा झाली. तिच्यातून जनुकांची मोठाली कुळं उभी राहिली, आणि ती कशी उभी राहिली हे माणसाला कळायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. त्या दीडशे वर्षांची सुरुवात दख्खनच्या नद्यांवरच होते.

१८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. पेशवाई बुडून सहा वर्षं झाली होती. हाती आलेल्या मुलखात पिकं कोणती, माणसं किती, पाऊस किती, हे कंपनीला हवं होतं. साइक्सने ते दिलंच, पण त्याची नजर वहीच्या रकान्यांत मावणारी नव्हती. गावोगाव फिरताना त्याने पक्षी टिपले, प्राणी टिपले आणि नद्यांवर कोळ्यांच्या जाळ्यात येणारे मासे बारकाईने पाहिले. ‘दख्खनचे मासे’ या विषयावरचा त्याचा निबंध १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे वाचला गेला आणि चित्रांसकट १८४१ साली छापून आला. पुढच्याच वर्षी, १८४२च्या जानेवारीत, निफाडला महादेव गोविंद रानडे जन्मले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. निफाडकराला काळाचा अंदाज यावा एवढ्यासाठीच सांगितलं.

साइक्सच्या निबंधात मराठी वाचकाने थांबून पाहावी अशी जागा म्हणजे माशांची नावं. शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द लॅटिनमध्ये घडवायचा, नाहीतर एखाद्या साहेबाच्या नावावरून घ्यायचा, हा त्या काळचा रिवाज. साइक्सनेही काही मासे आपल्या ओळखीच्या विद्वानांना वाहिले. पण कितीतरी माशांना त्याने कोळ्यांच्या तोंडची नावंच, त्याच्या इंग्रजी कानाला ऐकू आली तशी, देऊन टाकली. खुद्री, कोळस, नुक्ता, फुलुंगी, बोगट, मुल्ल्या, शिंगटी. आज जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत दख्खनच्या महाशीराचा उल्लेख ‘टॉर खुद्री’ असा होतो. साइक्सला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळाला होता. हे नाव त्याला कुणा कोळ्याने सांगितलं त्याची नोंद कुठे नाही. नाव मात्र टिकलं.

हा खुद्री पुढे येणार आहे, म्हणून त्याला लक्षात ठेवा.

निफाडच्या पाण्याकडे शास्त्राची नजर जरा उशिरा वळली. नाशिकजवळच्या देवळालीला लष्कराची छावणी होती, शेजारून दारणा वाहते. तीच दारणा पुढे निफाड तालुक्यात दारणासांगवीला गोदावरीला मिळते. १९३८ साली सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी देवळालीच्या माशांचा अभ्यास करून एका छोट्या, दगडाला चिकटून राहणाऱ्या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रेटर यांचं नाव त्याला दिलं. पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी. माशापेक्षा नावच लांब. होरांचा काळ हा हाडं, कल्ले, खवले आणि तोंडाची ठेवण यांवरून नाती जुळवण्याचा काळ होता. माशाच्या पेशीत डोकावून गुणसूत्रं मोजायची पद्धत तेव्हा अजून हातात बसलेली नव्हती.

तोवर नदीच बदलली होती. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा १९०७ ते १९११ या वर्षांत बांधला गेला. हेतू साधा होता. पाणी अडवायचं आणि कालव्यांनी खाली नगर जिल्ह्याकडे न्यायचं. वरून गाळ येत राहिला, पाणथळ पसरली, पाणवेली वाढल्या, आणि खडकाळ नदीच्या जागी उथळ तळं झालं. पक्ष्यांना ते मानवलं. सालिम अलींनी त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं ते त्यामुळेच. वाहत्या पाण्यातल्या माशांना ते कितपत मानवलं, हे मात्र मासेच जाणोत. १९३९ साली कार्पची एक जात श्रीलंकेतून निलगिरीत आणली गेली आणि १९५७ साली दुसरी बँकॉकहून कटकला आली. पुढे मत्स्यबीजाच्या पिशव्यांतून ती देशभर पसरली. अशी सायप्रिनसची आणि रोहूची पाटीत गाठ पडली.

आता कॅलिफोर्नियात जाऊ.

सुसुमु ओनो हा जन्माने कोरियातला, वंशाने जपानी, शिक्षणाने पशुवैद्य. लॉस एंजेलिसजवळच्या ड्युआर्टे गावातल्या ‘सिटी ऑफ होप’ या रुग्णालयाच्या संशोधन विभागात तो काम करी. १९६७ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी कार्प कुळातल्या माशांची गुणसूत्रं मोजली. लहानसहान बार्ब मासे, म्हणजे आपल्या ओढ्यातल्या पुंटीचे भाऊबंद, पन्नासच्या आसपास भरले. कार्प आणि शोभेचा सोनेरी मासा शंभरच्या थोडे वर भरले. तेव्हाच्या मोजणीत दोन-चारचा फरक पडला होता, पुढे आकडा १००वर स्थिरावला. पण ओनोने नुसती गुणसूत्रं मोजून हात झटकले नाहीत. पेशीतल्या डीएनएचं प्रमाणही मोजलं. तेही दुपटीच्या आसपासच निघालं. गुणसूत्रं तुटून संख्या वाढली असती तर डीएनए तेवढाच राहिला असता. इथे मालच दुप्पट झाला होता.

यातून त्याने जे उभारलं ते १९७० साली पुस्तकरूपाने आलं. पुस्तकाचं नावच ‘जनुकांच्या द्विरुक्तीतून उत्क्रांती’ अशा अर्थाचं. त्याचं म्हणणं घरगुती भाषेत सांगायचं तर असं. घरात एकच कर्ता मुलगा असेल तर तो धंदा बदलू शकत नाही. त्याने नांगर सोडला तर घर उपाशी. तसंच पेशीत एखादं काम करणारं जनुक एकच असेल, तर त्यात होणारा जवळजवळ प्रत्येक बदल घातक ठरतो आणि नैसर्गिक निवडीत मारला जातो. पण त्याची एक नक्कल झाली तर? एक जण नांगर धरून राहतो, दुसऱ्याला उनाडायला मोकळीक मिळते. उनाडणाऱ्यांतले बहुतेक वाया जातात. एखादा मात्र नवीनच विद्या शिकून येतो.

सुटं एखादं जनुक नकललं जाणं आणि सगळाच जनुकसंच नकलला जाणं यांतला फरकही ओनोने नेमका हेरला होता. आमटीत मीठ दुप्पट पडलं तर आमटी बिघडते. डाळ, पाणी, मसाला, मीठ, सगळंच दुप्पट घेतलं तर आमटी तशीच राहते, फक्त पातेलं मोठं लागतं. पेशीत हजारो जनुकं एकमेकांच्या प्रमाणात चाललेली असतात. सगळी एकदम दुप्पट झाली तर प्रमाण बिघडत नाही, आणि हजारो नकला एकाच रात्रीत हाती येतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या अगदी सुरुवातीला हे घडलं आणि म्हणून माशापासून माणसापर्यंतचा पसारा शक्य झाला, असा ओनोचा दावा होता.

दावा मोठा, पुरावा तोकडा. जनुकांची अक्षरं वाचता येण्याच्या आधीचा तो काळ. बरेच जीवशास्त्रज्ञ ओनोकडे एक हुशार, काहीसा विक्षिप्त माणूस म्हणून पाहत. पुढे तो डीएनएची अक्षरं सुरांत बसवून संगीत रचायचा, याने त्या समजाला खतपाणीच मिळालं असावं.

खरं तर दुप्पट होणं वनस्पतीच्या लोकांना नवं नव्हतंच, आणि इथे निफाडला परत यावं लागतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात जे पेरलं जातं ते याच गोष्टीचं उभं पीक आहे. १९१८ साली जपानमध्ये साकामुराने गव्हाच्या जातींची गुणसूत्रं मोजली. कुठे १४, कुठे २८, कुठे ४२. पुढे हितोशी किहाराने आयुष्य घालवून याचा उलगडा केला. खपली आणि बन्सी २८चे, चपातीचा गहू ४२चा. दोन रानगवतांचा संकर होऊन संच दुप्पट झाला तेव्हा २८ आले. मग सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी त्यात तिसरं एक गवत मिसळलं आणि ४२ झाले. ते तिसरं गवत कोणतं हे १९४४ साली किहाराने जपानमध्ये आणि मॅकफॅडन-सीअर्स या जोडीने अमेरिकेत, महायुद्धामुळे एकमेकांना पत्ता नसताना, शोधून काढलं. निफाडच्या वाणांच्या नावांतही हा भेद कोरलेला आहे. एनआयएडब्ल्यू म्हणजे निफाडचा ४२वाला, त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती. एनआयडीडब्ल्यू म्हणजे निफाडचा २८वाला, पंचवटी, गोदावरी. त्याआधी मुंबई राज्याच्या काळात तांबेऱ्याला तोंड देणारा गहू हवा म्हणून केनियाच्या गव्हाशी निफाडच्या गव्हाचं लग्न लावलं गेलं आणि पोराचं नाव ठेवलं केनफाड. असं सरळ बारसं मला शास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसलं.

तर गव्हाला जे जमतं ते जनावराला जमत नाही, अशी जुनी समजूत होती. झाडाचं चालतं, प्राण्याच्या नर-मादी ठरण्याच्या व्यवस्थेत ते बसत नाही, असा युक्तिवाद होता. माशांनी तो खोटा पाडला. पण त्याचा पक्का पुरावा यायला १९९८ साल उजाडावं लागलं, आणि तो आला एका भारतीय माशाकडून.

पट्ट्यापट्ट्यांचा, बोटाच्या पेरांएवढा झेब्राफिश हा आपल्या उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची पहिली नोंद केली. शोभेचा मासा म्हणून तो जगभर गेला. अमेरिकेतल्या ऑरेगॉन विद्यापीठात, युजीन गावी, जॉर्ज स्ट्राइसिंगरने तो प्रयोगशाळेत आणला. अंडी पारदर्शक, वाढ झपाट्याची, जागा थोडी लागते. १९८१ साली त्याचा गाजलेला निबंध आला आणि हा मासा प्रयोगशाळांचा लाडका झाला. त्याच युजीनमध्ये जॉन पोस्टलथ्वेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या माशातली हॉक्स जनुकं मोजायला घेतली.

हॉक्स जनुकांचं काम गर्भाला डोकं कुठे, धड कुठे, शेपूट कुठे हे सांगण्याचं. ती गुणसूत्रावर रांगेने बसतात, एकाच मूळ पुरुषाचे वारस बांधाला बांध लावून राहावेत तशी. जनुकांच्या अशा कुळाला मी भावकी म्हणतो, कारण त्याहून नेमका शब्द मला मराठीत सापडलेला नाही. आडनाव एक, उगम एक, आज प्रत्येकाचा उद्योग थोडा वेगळा, आणि कुणाचा बांध कुठे सरकला यावरून जुना इतिहास वाचता येतो. कवटी नसलेल्या अँफिऑक्सस या समुद्री जिवात अशी एकच रांग आहे. माणसात चार रांगा आहेत, जनुकं ३९. एकाचे दोन, दोनाचे चार, म्हणजे ओनो म्हणाला तसा दोनदा झालेला गुणाकार. झेब्राफिशमध्ये ऑरेगॉनच्या मंडळींना सापडल्या सात.

सात हा आकडा अडचणीचा होता, आणि म्हणूनच मोलाचा. चाराचे आठ व्हायला हवेत. आठातली एक रांग पुसली गेली असेल तर सात उरतात. म्हणजे माशांच्या वंशात, आपल्या पूर्वजांपासून फाटा फुटल्यानंतर, आणखी एकदा सगळं दप्तर नकललं गेलं होतं. आठव्या रांगेची खूणही पुढे सापडली. २००६ साली कळलं की त्या जागी प्रथिन बनवणारं एकही हॉक्स जनुक उरलेलं नाही, पण त्यांच्यामध्ये बसणारा एक चिमुकला सूक्ष्म-आरएनए अजून तिथेच आहे. वाडा पडला, तुळशीवृंदावन राहिलं.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतं ते सात रांगा सापडल्यानंतरचं वर्ष. १९९९. ओनोच्या हिशेबात एक भोक होतं. नकललेल्या जनुकापुढे त्याने दोनच वाटा ठेवल्या होत्या, मरायचं किंवा नवीन विद्या शिकायची. नवीन विद्या शिकणं दुर्मीळ, तेव्हा जवळजवळ सगळ्या नकला मरायला हव्यात. प्रत्यक्षात माशांमध्ये अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त जोड्या जिवंत होत्या. का? ॲलन फोर्स, मायकेल लिंच, पोस्टलथ्वेट आणि त्यांच्या सोबत्यांनी उत्तर दिलं ते शेतकऱ्याला लगेच कळेल असं आहे. जनुकाला एकच काम नसतं. एकच जनुक गर्भाच्या दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी चालू होतं, आणि प्रत्येक ठिकाणचा खटका वेगळा असतो. समजा, दोघा भावांच्या वाट्याला सारख्याच दोन विहिरी आल्या आणि प्रत्येक विहिरीवर दोन मोटारी आहेत, एक वरच्या रानाला, एक खालच्या रानाला. एकाची वरची मोटार जळली. कुणाचं काही अडलं नाही, दुसऱ्याची चालू आहे. मग दुसऱ्याची खालची जळली. तरी अडलं नाही. पण आता दोन्ही विहिरी लागतात. कुणी नवीन काही शिकलं नाही, दोघांचंही थोडंथोडं नुकसानच झालं, आणि त्या नुकसानीनेच दोघांना एकमेकांशी बांधून ठेवलं.

झेब्राफिशमध्ये याचा दाखला एन्ग्रेल्ड-१ या जनुकाचा. उंदरात एकच जनुक दोन्ही जागी काम करतं, पायांच्या कोंबात आणि मेंदूच्या मागच्या भागात व मज्जारज्जूत. माशात त्याच्या दोन नकला आहेत. एक छातीच्या परांच्या कोंबात चालू होते, दुसरी मागच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत. वाटणी झाली, खातेफोड झाली, आणि दोन्ही नावं सातबाऱ्यावर कायम राहिली.

नवीन विद्या शिकलेल्यांचीही उदाहरणं आहेत, आणि ती जास्त झगमगीत असल्यामुळे पुस्तकांत तीच आधी येतात. स्नायूला विजेचा झटका पोचवणाऱ्या सोडियम-वाहिनीच्या जनुकाची या नकलेत जोडी झाली. दक्षिण अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या वीजमाशांनी, एकमेकांना न विचारता, त्या जोडीतलं तेच एक जनुक स्नायूतून काढून वीज-अवयवाच्या कामाला लावलं. दुसरं स्नायूत राहून घरचं काम पाहत राहिलं. ओनोचा कर्ता मुलगा आणि उनाड मुलगा, हुबेहूब.

आता फ्रान्स. २००४ साली तिथल्या जेनोस्कोप या संस्थेच्या पुढाकाराने हिरव्या ठिपक्यांच्या फुगा माशाचा सगळा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. निबंधावर पहिलं नाव ऑलिव्हिए जैलों यांचं. या माशाचा जनुकसंच अगदी आटोपशीर, म्हणून वाचायला सोपा. माणसाच्या गुणसूत्रांशी पडताळा घेतल्यावर दिसलं की माणसाच्या एकेका तुकड्याला माशात दोन-दोन तुकडे लागतात, एक आड एक जनुक वाटून घेतलेले. हॉक्सपुरतं जे १९९८ साली कळलं होतं ते आता संपूर्ण दप्तरात दिसलं. शंका घ्यायला फारशी जागा उरली नाही. अशा जोड्यांना तोवर, २००० साली, डब्लिनच्या केन वुल्फने ‘ओनोलॉग’ हे नावही देऊन टाकलं होतं. ओनो त्याच वर्षी जानेवारीत वारला.

त्याच जेनोस्कोपने, त्याच जैलों यांचं नाव पहिलं ठेवून, २००७ साली दुसरा एक जनुकसंच प्रसिद्ध केला. द्राक्षाचा. निफाड-पिंपळगावच्या बागायतदाराने हे वाचून हसावं की काय ते त्याने ठरवावं. द्राक्षवेलीत प्रत्येक तुकड्याला दोन भाऊ नव्हे, तीन भाऊ निघाले. म्हणजे तिच्या दूरच्या पूर्वजात एकेकाळी जनुकसंच तिप्पट झाला होता, आणि तो पूर्वज फक्त द्राक्षाचा नव्हता, फुलझाडांच्या एका अफाट मोठ्या शाखेचा होता. नाशिकच्या कोणत्याही रस्त्यावर एका हाताला द्राक्षाचा मांडव, दुसऱ्या हाताला गहू आणि समोर कालवा. तिन्हीकडे नकललेली दप्तरं.

माशांची ती नक्कल केव्हाची? साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वीची धरतात. असे आकडे ऐकून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून नांदूर मधमेश्वरच्या खाली नदीपात्रात उतरावं. पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. सह्याद्री नव्हता, गोदावरी नव्हती, तेव्हाची ती गोष्ट. माशांची नक्कल त्या कातळाहून जवळजवळ पाचपट जुनी आहे. रोहू, कटला, मरळ, वांब, शिंगटी, सुरमई, बोंबील, ज्यांना आपण सहज मासा म्हणतो ते बहुतेक सगळे त्या एका घटनेचे वारस. या गटात आज तीस हजारांच्या आसपास जाती आहेत, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या निम्म्या.

इथे एक सावधगिरी. दप्तर दुप्पट झालं म्हणून जाती वाढल्या, असं सरळ गणित अनेक लेखांत मांडलेलं दिसतं. ते मला पटत नाही. नक्कल झाली आणि जातींचा फुलोरा आला, यांच्यामध्ये कोट्यवधी वर्षांची पोकळी आहे. सामन माशांच्या वंशात आणखी एक नक्कल झाली, तिथेही जाती फार उशिरा वाढल्या, आणि त्या वाढीचा मेळ हवामानाच्या थंडाव्याशी जास्त बसतो. भांडवल हाती आलं म्हणून धंदा चालतोच असं नाही. हाती आलेलं बहुतेक भांडवल तर गेलंच. २०१३ साली झेब्राफिशचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात प्रथिनं बनवणारी २६ हजारांहून थोडी अधिक जनुकं निघाली. माणसाच्या विसेक हजारांच्या तुलनेत ती दुप्पट नाहीत, जेमतेम सव्वापट आहेत. मोजके भाऊ जगले आणि कित्येक जमिनीखाली गेले, असा हा हिशेब आहे. तरी माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा निदान एक तरी नातेवाईक त्या बोटभर माशात सापडतो, आणि म्हणूनच माणसाच्या रोगांचा अभ्यास त्याच्यावर चालतो.

मग रोहूचे ५० आणि सायप्रिनसचे १०० कसे? ३२ कोटी वर्षांपूर्वीची नक्कल तर दोघांनाही सारखीच मिळाली. सायप्रिनसच्या पूर्वजांनी त्यावर आणखी एक केली, आणि ती अगदी अलीकडची, वेगवेगळ्या अंदाजांनुसार ऐंशी लाख ते दीड कोटी वर्षांपूर्वीची. तीही गव्हासारखी, दोन वेगळ्या जातींच्या संकरातून. म्हणून कार्पच्या जनुकसंचात आजही दोन घराणी ओळखू येतात, २५ जोड्या एकीकडच्या, २५ दुसरीकडच्या. सोनेरी मासा याच घरचा. कुंदेवाडीच्या शिवारात जे गव्हाचं, तेच बंधाऱ्याच्या पाण्यात सायप्रिनसचं.

आणि साइक्सचा खुद्री? त्याचीही गुणसूत्रं १००. ज्या माशाचं नाव एका अनाम कोळ्याने सांगितलं, साइक्सने लिहून घेतलं आणि लंडनला छापलं, तोही दुप्पट दप्तराचा धनी निघाला. महाशीरांचं सगळं घराणंच शंभराचं आहे. वाहतं, थंड, खडकाळ पाणी लागणारा हा मासा धरणांनी आणि सुरुंगाच्या मासेमारीने मागे हटत गेला. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी १९७०च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला, टाटांच्या जलविद्युत तलावांवर, त्याचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं. तिथली पिलं देशभर गेली. कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे या दख्खनी पाहुण्याने मूळच्या कुबडवाल्या महाशीराची जागा इतकी खाल्ली की आता तोच मासा नामशेष होण्याच्या कडेला आहे. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचं असंही होतं.

नांदूर मधमेश्वरला २०२०च्या जानेवारीत रामसर पाणथळीचा दर्जा जाहीर झाला. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर जागा. तिच्या नोंदीत पक्ष्यांची यादी लांबलचक आहे आणि माशांच्या २४ जाती आहेत. अतिसंकटग्रस्त म्हणून त्यात देवळालीचा तो लांब नावाचा छोटा मासाही आहे. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बिणींची रांग लागते. सगळ्यांचे डोळे वर असतात आणि ते स्वाभाविक आहे. चक्रवाक उडताना दिसतो, मुल्ल्या दगडाखाली दिसत नाही.

परतताना निफाडच्या बाजारात थांबलात तर भाव विचारून पाहा. गुणसूत्रं अर्धी असली तरी सहसा रोहूच महाग पडतो.